संग्रहालयाला जाताना म्हाताऱ्यांना न्या

कोल्हापूरजवळ कणेरी मठात सिद्धगिरी संग्रहालय आहे. नांगरणी, पेरणी, मोट, मळणी, बारा बलुतेदार, सगळं तिथे पुतळ्यांमधून उभं केलं आहे. आपलं नंदुरबार राज्याच्या एका टोकाला, कोल्हापूर दुसऱ्या. तरी एकदा जाच. मात्र नुसती मुलं घेऊन जाऊ नका. घरात औत हाकलेलं कोणी असेल, तर गाडीत पहिली जागा त्यांना द्या.

कारण पाटीवर ‘तिफण’ एवढंच लिहिलेलं असतं. चाड्यावर मूठ धरणं म्हणजे काय, हे पाटी सांगत नाही. बैल चालताहेत, पाय ढेकळांत अडखळताहेत आणि मुठीतून बी मात्र तिन्ही नळ्यांत सारखं पडलं पाहिजे. कुठे हात चुकला की महिन्याभराने तास विरळ दिसायचं आणि सगळ्या गावाला कळायचं. आता तेच काम ट्रॅक्टरमागच्या पेरणीयंत्रातली चकती करते. आजीला त्या तिफणीपुढे उभं करा आणि मूठ कशी धरायची ते विचारा. मग गप्प बसून ऐका. फोटो नंतर.

लोखंडी नांगर दिसला तर मुलांना किर्लोस्करांची गोष्ट सांगा. लक्ष्मणरावांनी १९०३च्या सुमारास नांगर केला, पण लोखंडाने जमीन नासते या भीतीने शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. त्या शेतकऱ्यांना हसू नका. जमीन एकदा बिघडली तर खायचं काय, ही भीती खोटी नव्हती. ट्रॅक्टरही काही फार जुना पाहुणा नाही; आयशरने फरीदाबादला देशी बनावटीचा पहिला ट्रॅक्टर काढला तो १९५९ साली.

आपण सारंगखेड्याच्या यात्रेत परक्याच्या घोड्याचे दात मोजत तासभर उभे राहतो. घरच्या माळ्यावरचा वखर मात्र किलोच्या भावाने भंगारात जातो. शहादा, तळोदा, नवापूर, कुठेही असा, निदान एक अवजार ठेवा. फाळाचा गंज घासून त्यावर तेलाचं बोट फिरवा, लाकडाला जवसाचं तेल द्या, वाळवी लागू नये म्हणून खाली दोन विटा घाला. रंग देऊ नका. हाताने गुळगुळीत झालेली मूठ रंगाखाली जाते. आणि एक चिठ्ठी बांधा: कोणाचं, कोणत्या शेतात चाललं, कोणत्या सुताराने भरलं. पेन्सिलने लिहा, पेनाची शाई ओलीने पसरते.