वाडा पाहायचा, कॉट पाहायची नाही!

सुट्टीच्या दिवशी सकाळी सदाशिव पेठेत वारसाफेऱ्या निघतात. खुन्या मुरलीधर, चिमण्या गणपती, नागनाथ पार, भारत इतिहास संशोधक मंडळ असा फेरफटका होतो. एखाद्या वाड्याच्या दिंडीदरवाजापुढे छायाचित्रे निघतात, पुणेरी पाट्यांवर हशा होतो आणि ‘जुने पुणे गेले’ असा सुस्कारा टाकून मंडळी न्याहारीकडे वळतात. वारशाविषयीची ही आस्था स्वागतार्हच आहे. परंतु ज्या वाड्याचा दरवाजा पाहिला, त्याच्या माडीवर आज कोण राहते, हा प्रश्न मात्र या फेऱ्यांत कोणी विचारीत नाही.

माडीवर कॉटच्या हिशेबाने जागा घेतलेली मुले राहतात. बीड, परभणी, नांदेड, यवतमाळ, सोलापूर या जिल्ह्यांतून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी आलेली शेतकऱ्यांची, ऊसतोड मजुरांची, छोट्या नोकरदारांची ही मुले-मुली. एका खोलीत चार-सहा कॉट, कॉटखाली पत्र्याची पेटी, दोन वेळची मेस आणि उरलेला दिवस अभ्यासिकेतील एका खुर्चीवर. कॉटचे भाडे, मेसचे बिल, अभ्यासिकेची फी आणि क्लासची फी अशा चार ठिकाणी गावाकडचा पैसा रिता होतो. ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’ हीच पेठेची आजची खरी पाटी आहे. पण तिच्यावर कोणी विनोद करीत नाही.

उलट या मुलांनी पेठेचे पेठपण घालवले, अशी तक्रार ऐकू येते. ही तक्रार करणाऱ्यांना पेठेचा इतिहासच ठाऊक नाही. पेठेचा विद्येचा लौकिक परगावच्या गरीब विद्यार्थ्यांनीही घडवला आहे. माधुकरी मागून आणि वार लावून जेवून शिकलेल्यांची मोठी परंपरा येथे आहे. अशाच मुलांसाठी १९०९ साली ‘अनाथ विद्यार्थी गृह’ निघाले. तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह.

अर्थात त्या परंपरेचे गोडवे गातानाही भान राखले पाहिजे. माधुकरीची झोळी प्रामुख्याने ब्राह्मण मुलाच्या खांद्यावर होती. इतरांना ते दार बंद होते. पेठेपासून हाकेच्या अंतरावरील पर्वतीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९२९ साली दलितांना सत्याग्रह करावा लागला. या बंद दारांना महाराष्ट्राने दिलेले उत्तर वसतिगृहाचे होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली. आज पेठेचे दार सर्वांना उघडले आहे खरे. परंतु ते समतेच्या विचाराने नव्हे, भाड्याच्या आकर्षणाने उघडले आहे. ज्याच्यापाशी पैसा नाही, त्याला ते आजही बंदच आहे.

या व्यवहारात कायदा कोठे आहे? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा वा परवानगीचा करार लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कॉटकॉटने होणाऱ्या व्यवहाराला हे कलम लावून पाहण्याची तसदी शासन घेईल काय? मालकांची बाजू अशी की, १९४७ च्या कायद्याने गोठवलेल्या भाड्यात वाड्यांची डागडुजी अशक्य झाली. त्यात तथ्य आहे. परंतु त्या जुन्या तोट्याची भरपाई वीस वर्षांच्या बेकार पोराकडून करून घेणे हा न्याय नव्हे.

शासनाची तऱ्हा याहून निराळी नाही. वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ योजना आहे, पण ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात प्रवेश घेतलेल्यांसाठी. पदवी घेऊन परीक्षेला बसलेला तरुण शासनलेखी ना विद्यार्थी, ना कामगार. परीक्षेच्या तारखांसाठीसुद्धा त्याला मार्च २०२१ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये रस्त्यावर उतरावे लागले.

आणि हे ‘बाहेरचे’ पेठेला कितपत आपली मानतात? २७ जून २०२३ रोजी याच पेठेत भरदिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला, तेव्हा जिवाची पर्वा न करता धावून जाणाऱ्यांत परीक्षेची तयारी करणारे तरुण होते. शेजारधर्म आणखी वेगळा काय असतो?

पुण्यातील कार्यकर्त्यांनी म्हणून आता वाड्यांच्या माड्या चढाव्यात. कॉटकरूंची संघटना बांधावी. प्रत्येक कॉटचा लेखी करार आणि अनामत परत मिळण्याची हमी, महापालिकेच्या शाळांच्या इमारतींत रात्रीच्या मोफत अभ्यासिका, महापालिकेची स्वतःची वसतिगृहे आणि स्पर्धा परीक्षार्थींना निर्वाहभत्ता, या मागण्या घेऊन महापालिकेवर व मंत्रालयावर जावे. वाडे जतन करण्याची मागणीही जरूर करावी. मात्र त्या वाड्यांत राहणाऱ्या माणसांना वगळून केलेले जतन म्हणजे केवळ लाकडाची आणि विटांची निगराणी होय.