खांद्यावरची नळी आणि दर महिन्याची मोजणी

मागच्या वर्षी लष्कराच्या एका प्रदर्शनात खांद्यावरून विमानावर डागायच्या ‘इग्ला’ क्षेपणास्त्राची नळी खांद्यावर घेऊन पाहिली. दाखवणारा जवान साताऱ्याकडचा, तिशीच्या आतला. ‘‘काका, आधी पट्टा गळ्यात घाला, मग उचला,’’ एवढे सांगून त्याने ती माझ्या हाती दिली. टेबलावर असताना शेतातल्या पाइपासारखी साधी दिसणारी ती वस्तू खांद्यावर आली आणि भरल्या हंड्याचा भार जाणवला. पुढच्या टोकाखाली चेंडूएवढी गोल बाटली होती. तिच्यात दाबाखाली भरलेला नायट्रोजन आणि तिला जोडूनच बॅटरी. क्षेपणास्त्राचा डोळा थंड करायचा आणि त्याला वीज द्यायची, एवढेच तिचे काम. ‘‘एकदा चालू केली की तीस सेकंद, काका. तेवढ्यात विमान हाती लागलं नाही तर ही गेली, दुसरी लावायची.’’ मान वर करून, भार तोलून, अर्ध्या मिनिटात शत्रू कोण आणि आपला कोण हे ठरवायचे. माझी मान दोन मिनिटांतच आखडली होती.

आज लिहायचे आहे ते या इग्लाच्या पुढच्या पिढीविषयी. रशियाने 2014 मध्ये सैन्यात दाखल केलेल्या ‘वर्बा’विषयी.

मॉस्कोपासून शंभरेक किलोमीटरवर कोलोम्ना नावाचे जुने शहर आहे. तिथल्या यंत्रनिर्मिती संरचना कार्यालयात हे सगळे घराणे जन्मले. पहिली ‘स्त्रेला’, म्हणजे बाण, 1968 मध्ये सोव्हिएत सैन्यात आली. मग ‘इग्ला’, म्हणजे सुई. आणि आता ‘वर्बा’, म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या कुळातले, ओढ्याकाठी वाढणारे झाड. या कार्यालयाची धुरा 1965 पासून जवळजवळ पाव शतक वाहणाऱ्या अभियंत्याचे नाव सर्गेई नेपोबेदिमी. आडनावाचा अर्थ ‘अजिंक्य’. पण त्यांची पहिली स्त्रेला सहज चकत असे. विमान पाठ फिरवून निघाल्यावरच तिला त्याच्या इंजिनाची ऊब दिसे आणि सूर्य समोर आला तर ती सूर्याच्याच मागे लागे. तरी 1969 मध्ये सुएझ कालव्यावर तिने इस्रायली वैमानिकांना धडकी भरवली. आकाशातल्या यंत्राला जमिनीवरचा एकटा माणूस खांद्यावरच्या क्षेपणास्त्राने पाडू शकतो, हे तोवर कोणी पाहिले नव्हते.

त्यानंतरची पन्नास वर्षे हा विमान आणि नळी यांच्यातला लपंडाव आहे. क्षेपणास्त्र उष्णता पाहून येते म्हटल्यावर विमानांनी फ्लेअर सोडायला सुरुवात केली. दिवाळीतल्या अनारासारख्या जळत्या गोळ्या मागे सोडायच्या, क्षेपणास्त्राने त्यांच्या मागे जायचे आणि विमानाने निसटायचे. त्यावर उतारा म्हणून इग्लाला दोन वेगवेगळ्या पट्ट्यांतली उष्णता ताडून पाहणारा डोळा मिळाला. वर्बाला तीन डोळे आहेत. दोन अवरक्त किरणांचे, जवळच्या आणि मधल्या पट्ट्यातले. तिसरा अतिनील किरणांचा.

हा तिसरा डोळा समजून घेण्यासारखा आहे. दिवसा आकाश अतिनील प्रकाशाने भरलेले असते. त्यापुढून जाणारे विमान तो प्रकाश अडवते, म्हणून या डोळ्याला ते उजळ भिंतीवरच्या काळ्या डागासारखे दिसते. फ्लेअर मात्र स्वतःच भगभगत असते. इंजिनाच्या उष्णतेचा जो ठसा अवरक्त पट्ट्यांत उमटतो, तो फ्लेअरच्या ठशाशी जुळत नाही. तिन्ही डोळ्यांनी पाहिलेले एकत्र ताडले की विमान कोणते आणि आमिष कोणते, याचा निवाडा क्षेपणास्त्र उडता उडता करते. कमी तापणारे ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रेही या तिन्ही डोळ्यांना पूर्वीपेक्षा चांगली दिसतात, असा बनवणाऱ्यांचा दावा आहे.

बाकी रचना घराण्याला धरून आहे. सगळा भार सव्वासतरा किलो. पल्ला सहा किलोमीटरच्या आसपास. स्फोटकशीर्ष दीड किलोचे. चाप ओढला की छोटा बार क्षेपणास्त्राला नळीबाहेर काही मीटर फेकतो, मगच मुख्य इंजिन पेट घेते, म्हणजे डागणाऱ्याचा चेहरा भाजत नाही. शिवाय वर्बा एकट्या सैनिकाच्या नजरेवर सोडलेली नाही. ‘बर्नाऊल-टी’ नावाच्या नियंत्रण व्यवस्थेतून छोटे रडार, तुकडीचा प्रमुख आणि नळी धरणारा जवान एकमेकांना जोडलेले असतात. कुठल्या दिशेला पाहायचे, हे जवानाला आधीच कळते. तीस सेकंदांचा तो ताण माझ्या मानेने अनुभवला आहे, म्हणून ही सोय मला त्या तिसऱ्या डोळ्याइतकीच मोलाची वाटते.

युक्रेनच्या आकाशात काय झाले ते आपण पाहतो आहोत. दोन्ही बाजूंच्या पायदळाकडे अशा नळ्या भरपूर आहेत. त्यामुळे हेलिकॉप्टरे झाडांच्या शेंड्यांलगत येतात, नाक वर करून लांबूनच रॉकेट फेकतात आणि वळून जातात. विमान खाली यायला धजत नाही, म्हणून खंदकातला शिपाई जगतो. संरक्षणाचे शस्त्र म्हणून या नळीची थोरवी मी मनापासून मानतो.

पण मला आज सांगायचे आहे ते यापुढचे.

28 मे 1999. कारगिलच्या युद्धात टोलोलिंगच्या परिसरात आपली एमआय-17 हेलिकॉप्टरे हल्ल्याला गेली होती. त्यातल्या एका हेलिकॉप्टरवर फ्लेअर सोडण्याची यंत्रणा नव्हती. खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने नेमके तेच टिपले. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट आर. के. साहू परतले नाहीत. ज्यांच्याकडे फ्लेअर होते ते परतले. त्या चौघांची आठवण ठेवून वर्बाकडे पाहिले की अंगावर काटा येतो. कारण त्या दिवशी जी एक गोष्ट वैमानिकांना वाचवत होती, तीच निकामी करण्यासाठी हे तीन डोळे बनवले आहेत.

आणि नळी कोणाच्या खांद्यावर असेल, हे ती बनवणाऱ्याच्या हातात राहत नाही. हे रशियाइतके दुसऱ्या कोणी भोगलेले नाही. 19 ऑगस्ट 2002 रोजी चेचन्यातल्या खान्काला तळावर सैनिकांनी खच्चून भरलेले एमआय-26 हेलिकॉप्टर उतरत होते. चेचेन बंडखोरांनी डागलेले इग्ला त्याच्या इंजिनाला लागले. हेलिकॉप्टर तळाभोवती पेरलेल्या सुरुंगांच्या पट्ट्यात कोसळले. 127 माणसे मेली. रशियाच्याच संरचनाकारांनी आखलेले शस्त्र आणि रशियाचेच सैनिक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केनियातल्या मोम्बासाहून उडालेल्या इस्रायली प्रवासी विमानावर दोन स्त्रेला सुटल्या. आत 271 जीव होते. दोन्ही नेम चुकले, म्हणून आपण ती तारीख विसरलो. संयुक्त राष्ट्रांच्या तपासनिसांनी त्या नळ्यांचा माग काढला, तेव्हा वाट येमेन आणि सोमालियातून निघाली. लिबियात गडाफीने अशी वीस हजारांच्या घरात क्षेपणास्त्रे जमवली होती, असा अमेरिकेचा अंदाज होता. 2011 मध्ये त्याची सत्ता कोसळली आणि कोठारांची दारे सताड उघडी पडली. तिथून काय कुठे गेले याचा पूर्ण हिशोब आजवर लागलेला नाही.

मोम्बासाच्या त्या नळ्या जुन्या पिढीच्या होत्या. तिथे वर्बा असती तर?

या प्रश्नावर जगाने काहीच केले नाही असे नाही. शस्त्रांच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवण्यासाठी देशांनी मिळून उभारलेल्या वासेनार व्यवस्थेत 2003 मध्ये खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांसाठी कडक नियम ठरले. रशिया तिचा जुना सदस्य, भारत डिसेंबर 2017 मध्ये सामील झाला. नियम वाचताना मला गावच्या सोसायटीच्या गोदामाचा हिशोब आठवला, इतके ते साधे आहेत. विक्री फक्त सरकारला करायची. क्षेपणास्त्राची नळी एका जागी आणि चाप असलेली मूठ दुसऱ्या जागी ठेवायची, म्हणजे एक कुलूप फुटले तरी शस्त्र पुरे होत नाही. आणि दर महिन्याला प्रत्येक नगाची क्रमांकासह प्रत्यक्ष मोजणी करायची. नमुना म्हणून चार-दोन पेट्या उघडून भागत नाही, सगळे नग मोजायचे.

शांततेच्या काळात हे जमते. सैन्य चालते तेव्हा मूठ आणि नळी एकाच ट्रकमध्ये जातात आणि पळणारी तुकडी मोजणी करत बसत नाही. म्हणूनच नियम कागदावर असून पुरत नाही, तो हाडीमासी मुरावा लागतो. वर्बा परदेशी विक्रीला ठेवताना रशियाने तिच्या डोळ्यांची जेवढी जाहिरात केली, तेवढ्याच उघडपणे घेणाऱ्याच्या कोठारांची तपासणी कशी होईल हेही जगाला सांगायला हवे. खान्कालाच्या 127 घरांना ते सांगणे लागते.

आता आपले. आपल्या सैन्याला नव्या नळ्या हव्यात याबद्दल दुमत नाही. निविदा 2010 मध्ये निघाली, इग्ला-एस सर्वात कमी बोलीची ठरली ती 2018 मध्ये, आणि तरीही मोठा करार न होता आणीबाणीच्या खरेदीतून थोडे थोडे घेत राहण्याची पाळी आली. तीस सेकंदांत निर्णय घेणाऱ्या जवानाला आपण किती वर्षे ताटकळत ठेवले, याची लाज वाटायला हवी. डीआरडीओने स्वतःचे खांद्यावर नेता येण्याजोगे क्षेपणास्त्र बनवले, त्याच्या चाचण्या ऑक्टोबर 2024 मध्ये पोखरणला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये चांदीपूरला यशस्वी झाल्या, याचा मला खराखुरा आनंद आहे. ते लवकरात लवकर, पुरेशा संख्येने सीमेवर जावे. वर्बासाठी पुन्हा नवी निविदा काढून आणखी दहा वर्षे घालवण्यापेक्षा हा रस्ता सरळ आहे.

मात्र आज आपण शस्त्रे विकणारा देशही झालो आहोत. निर्यातीचे आकडे अभिमानाने जाहीर होतात आणि अभिमान वाटावा असेच ते आहेत. उद्या कोणी मित्रदेश या नळ्याही मागेल. त्या दिवशी कारखाना, खाते आणि दलाल सगळे घाईत असतील. म्हणून आजच, पहिली पेटी देशाबाहेर जाण्याआधी, घेणाऱ्या देशाच्या कोठाराची पाहणी आपले अधिकारी जाऊन करतील, नळी आणि मूठ वेगळी ठेवल्याची खात्री करतील आणि दर महिन्याच्या मोजणीची प्रत दिल्लीला येईल, असे करारातच लिहिण्याचा नियम व्हावा. हे काम संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे आहे. त्या समितीवर बसणाऱ्या आपल्या खासदारांना माझी कळकळीची विनंती आहे की पुढच्या बैठकीत हा एक प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा.