पी हळद अन् हो गोरी, हे विज्ञानात चालत नाही

घरातली मुलगी किंवा मुलगा एच.एस.सी. उत्तीर्ण झाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: पुढे काय? डॉक्टर, वकील किंवा अकौंटंट हे उत्तर आले की सर्वांना समाधान वाटते. पण कोणी म्हणाले, "मला पेशींचा अभ्यास करायचा आहे," तर लगेच दुसरा प्रश्न येतो: "त्याचा उपयोग काय?" या दुसऱ्या प्रश्नाविषयी आज आम्हांला चार शब्द लिहायचे आहेत. त्यासाठी उदाहरण घेऊ यीस्टचे.

यीस्ट आपल्या ओळखीचे आहे. बेकरीतला पाव तेच फुगवते, उसाच्या मळीपासून रमही तेच बनवते. यीस्टचा एक जीव म्हणजे एकच पेशी. त्या पेशीच्या आत आवरणाने वेढलेले केंद्र असते आणि केंद्रात गुणसूत्रे असतात. आपल्या पेशींचीही मूळ रचना अशीच आहे. केंद्राच्या आवरणाला बारीक छिद्रे असतात. लहान प्रथिने त्यांतून आपली आपण ये-जा करू शकतात, मोठ्यांना मात्र हमाल लागतो.

बाहेर नेणाऱ्या एका प्रमुख हमालाचे नाव आहे सीआरएम-१. ज्या प्रथिनाला बाहेर जायचे असते त्याच्या अंगावर एक छोटी खूण असते. हमाल ती खूण ओळखतो आणि रॅन नावाच्या आणखी एका प्रथिनाला सोबत घेऊन तिघे छिद्रातून बाहेर पडतात. रॅन केंद्राच्या आत 'भरलेला' असतो आणि बाहेर आल्यावर 'रिकामा' होतो. तो रिकामा झाला की तिघांची मिठी सुटते. माल बाहेर राहतो आणि हमाल परत आत जातो. भरण्याची सोय फक्त आत आणि रिकामे करण्याची फक्त बाहेर, म्हणून या वाहतुकीला दिशा मिळते.

या ये-जा करण्यावर पेशीचा जीव अवलंबून असतो. पावाच्या यीस्टमध्ये यॅप-१ नावाचे प्रथिन आहे. एरवी हमाल त्याला सतत बाहेर काढत असतो. पण हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे विष पेशीत शिरले की यॅप-१ ची घडी बदलते आणि खूण झाकली जाते. हमालाला ओळख पटत नाही, यॅप-१ केंद्रात साठते आणि बचावाची जनुके जागी होतात.

आता हे कसे कळले ते पाहा. यीस्टची दुसरी एक जात १८९३ साली पूर्व आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या बिअरमधून वेगळी काढण्यात आली. स्वाहिली भाषेत बिअरला 'पोंबे' म्हणतात, तेच नाव त्या जातीला मिळाले. १९८९ साली जपानमध्ये अदाची आणि यानागिदा या शास्त्रज्ञांनी या पोंबे यीस्टमधील एका जनुकाचे वर्णन केले. त्या जनुकात बिघाड असला की थंडीत पेशीच्या गुणसूत्रांची रचना विस्कटत असे. ती का विस्कटते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्या जनुकाचे नाव सीआरएम-१. त्याचे प्रथिन हमाल आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. पुढे १९९४ साली असे दिसले की लेप्टोमायसिन नावाचे बुरशीनाशक याच प्रथिनावर घाव घालते. मग १९९७ साली अनेक प्रयोगशाळांनी, कोणी यीस्टमध्ये तर कोणी प्राण्यांच्या पेशींत, हमालाचे काम उघड केले.

माणसाच्या पेशींतही हाच हमाल आहे. कर्करोगाच्या अनेक पेशींत तो वाजवीपेक्षा जास्त असतो आणि पेशीची बेसुमार वाढ रोखणारी पहारेकरी प्रथिने केंद्राबाहेर नेतो. त्याला अडवणारे सेलिनेक्सॉर हे औषध २०१९ साली अमेरिकेत अस्थिमज्जेच्या एका कर्करोगासाठी मंजूर झाले. ते रामबाण नाही. मळमळ होते, रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. पण इतर उपाय थकलेल्या रुग्णांसाठी एक नवी वाट निघाली.

१९८९ ते २०१९, म्हणजे तीस वर्षे. यानागिदांना त्या दिवशी कोणी "उपयोग काय?" असे विचारले असते, तर कर्करोगाचे नाव त्यांच्या तोंडी येणे शक्यच नव्हते.

कोणी म्हणेल, ही श्रीमंत देशांची चैन आहे, आपल्या लहान बेटाला ती परवडायची नाही. पैशाची अडचण खरी आहे. आईवडिलांची काळजीही खरी आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी उसाच्या शेतात घाम गाळला त्यांना मुलांच्या पोटापाण्याची चिंता वाटणारच. प्रत्येक शोधातून औषध निघते असेही नाही. बहुतेकांतून निघत नाही. पण कोणत्या शोधातून निघेल हे आधी सांगता येत नाही, म्हणूनच अनेकांना शोधू द्यावे लागते. आणि यीस्ट हा गरिबाघरचाही पाहुणा आहे. थोडी साखर, थोडी ऊब मिळाली की तो वाढतो. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखालीही त्याच्या पेशीला कोंब फुटलेला दिसतो.

सर्वांनी शास्त्रज्ञ व्हावे असे आम्ही म्हणत नाही. आमचे मागणे लहान आहे. ज्या मुलाला "असे का होते?" हा प्रश्न झोपू देत नाही, त्याला घरात हसू नका. उपयोगाचा हिशेब पहिल्याच दिवशी मागू नका. "तुला नेमके काय शोधायचे आहे?" असे विचारा, आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐका.