शेजारी कोण बसले आहे?

दिवाळीच्या सुट्टीत घरी असताना एक फोन आला. किशोरवयीन मुलींच्या आरोग्याची पाहणी चालू आहे, चार प्रश्न विचारायचे आहेत, असे एक बाई गोड आवाजात म्हणाल्या. फोन वडिलांचा. ते शेजारीच बाजेवर बसलेले. “पाळीच्या वेळी त्रास होतो का?” मी म्हणाले, “नाही.” “डॉक्टरांना कधी दाखवले का?” “नाही.” पहिले उत्तर खोटे, दुसरे खरे. बाईंच्या कागदावर दोन्ही सारखीच उतरली असणार.

समाजशास्त्राच्या तासाला आम्ही या पद्धतींचे गुणदोष पाठ करतो. टपालाने प्रश्नावली धाडली तर खर्च कमी, पण भरून परत येतात थोड्या. फोनवर उत्तरे लवकर मिळतात, न कळलेला प्रश्न समजावून सांगता येतो. परीक्षेला एवढे पुरते. पण उत्तर देणाऱ्याच्या शेजारी कोण बसले आहे, याला त्या तक्त्यात रकानाच नाही.

अमेरिकेत १९८९ साली १२ ते १८ वर्षांच्या मुलांची तंबाखूविषयी पाहणी झाली. मुख्य भर फोनवर. जी मुले फोनवर सापडली नाहीत, त्यांना टपालाने प्रश्नावली. आता एक मूल घरात मोठ्याने सांगते, दुसरे लिहून कळवते. ही दोन उत्तरे एकाच मापाने कशी मोजायची? कॅलिफोर्नियात पुढे फोनवरच दोन तऱ्हा करून पाहिल्या. काही मुलांना माणसाने प्रश्न विचारले, तर काहींनी ध्वनिमुद्रित प्रश्न ऐकून फोनची बटणे दाबली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सिगारेट ओढल्याची कबुली बटणे दाबणाऱ्यांत अधिक निघाली. फोन तोच, फक्त तोंड उघडावे लागले नाही!

आपल्याकडे तर फोन कुणाचा, इथपासूनच सुरुवात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्वतः वापरतात असा मोबाईल ५४ टक्के जणींकडे होता. उरलेल्यांना गाठायचे म्हणजे बहुधा आधी बापाशी, भावाशी नाहीतर नवऱ्याशी बोलणे आले.

मग टपाल बरे म्हणावे, तर आमच्या गावात पत्र चौकातल्या दुकानात ठेवले जाते आणि तिघांच्या हातांतून फिरून घरी येते. शिवाय जिची शाळा चौथीत सुटली, तिने ते वाचायचे कसे? आमच्या घरात कॉलेजला आलेली मीच पहिली. आलेला प्रत्येक कागद मीच सर्वांना वाचून दाखवते. मला काय ते ठाऊक आहे.

तरीही माझा कौल कागदालाच. २००६-०७ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने आणि पॉप्युलेशन कौन्सिलने महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुणांची पाहणी केली. मुलाखत समोरासमोर, पण लग्नापूर्वीच्या शरीरसंबंधाविषयी शेवटी कार्डावर हो-नाहीची खूण करून ते पाकिटात बंद करायचे. तोंडी ‘नाही’ म्हणणाऱ्यांपैकी काहींनी कार्डावर ‘हो’ लिहिले. हे म्हटले तर टपालच, फक्त चौकातले दुकान वगळून.

आमच्या कॉलेजातही आरोग्य तपासणीचा फॉर्म भरवर्गात, बाकावर बसून भरून घेतात. मागच्या बाकावरून सगळे दिसते. पुढच्या वर्षी प्रत्येकीला निदान एक पाकीट द्यावे, अशी माझी विनंती आहे.