किहीमसाठी एक वही घाला

‘निसर्ग’ वादळाचा विषय निघाला की आमच्या किहीममध्ये घरागणिक वेगळं वादळ ऐकायला मिळतं. तारीख सगळ्यांची एकच, 3 जून 2020. पुढे मात्र फाटे फुटतात. आधी पत्रे उडाले की आधी माड पडला, पाणी वाडीच्या कुंपणाशी थांबलं की विहिरीपर्यंत आलं, यावर सख्खे भाऊ हमरीतुमरीवर येतात. हवामान खात्याची नोंद आहे की वादळ अलिबागच्या दक्षिणेला, दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. तेवढ्यावर कुणी भांडत नाही, कारण ते त्याच वेळी लिहिलं गेलं.

यात खोटं कुणीच बोलत नाही, हीच तर अडचण आहे. ‘चॅलेंजर’ हे अमेरिकी अवकाशयान 28 जानेवारी 1986 रोजी आकाशात फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एमरी विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, तुम्ही काय करत होता. अडीच वर्षांहून अधिक काळ गेल्यावर त्यांतल्या 44 जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. 11 जणांचा एकही मुख्य तपशील जुळला नाही. तरी बहुतेकांचा सूर ठाम होता. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला, तरी मूळ आठवण परत आली नाही. धक्का जबर असला की आठवण पक्की बसते असं आपण समजतो. पक्का बसतो तो आपला विश्वास.

मग जुन्या माणसांच्या स्मरणशक्तीवर भरवसा ठेवायचाच नाही का? ठेवायचा, पण कोणत्या, ते पाहून.

माझे सासरे नाना यांनी जन्मभर वाडी केली. शेवटच्या वर्षांत त्यांना स्मृतिभ्रंश झाला. जेवून उठले की अर्ध्या तासात विचारायचे, ‘आज पान वाढणार आहात की नाही?’ मला कधी सून म्हणून ओळखत, कधी धाकटी बहीण समजून रागावत. पण ‘नाना, आज चतुर्थी’ एवढं म्हटलं की उत्तर तयार : ‘तीनाला भरती.’ अष्टमी सांगितली की ‘सहा.’ कोकणातला हा जुना हिशेब आहे. शुद्ध असो की वद्य, तिथीची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ निघते. तिथून सहा तासांवर ओहोटी. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते, म्हणून पाऊण तासाचं हे गणित चालतं. थोडी तूट राहते, पण होडी काढायला किंवा कुलाबा किल्ल्यात चालत जायला तेवढं पुरतं. नानांना आज कोणती तिथी ते सांगता येत नव्हतं, पाऊणकी, म्हणजे पाऊणाचा पाढा, मात्र शाबूत होती. समोर झावळी टाकली की त्यांचे हात झाप विणायला घेत. बोलणं भरकटलेलं असे, वीण सरळ येई.

मेंदूत आठवणींची एकच पेटी नाही, हे शास्त्राला कळलं ते एका अमेरिकी तरुणामुळे. हेन्री मोलेसनला फेफरं येई. 1953 मध्ये, तो 27 वर्षांचा असताना, शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला. फेफऱ्यांना उतार पडला, पण नवं काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज त्याला वाटे, हे आपण पहिल्यांदाच करतो आहोत; आणि रोज हात मात्र सुधारत गेला. घडलेला प्रसंग ठेवणारी व्यवस्था गेली होती, सवय मुरवणारी जागेवर होती. 2008 मध्ये वारेपर्यंत तो असाच जगला.

पुढे 1972 मध्ये मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्व्हिंग यांनी आणखी एक भेद मांडला : प्रसंगांची स्मृती वेगळी, अर्थाची वेगळी. अष्टमीला सहाला भरती हे ज्ञान झालं. मी ते कोणत्या दिवशी, कोणाकडून ऐकलं, तो प्रसंग झाला. बँकेचा ओटीपी आपण मोबाइलमधून संगणकावर उतरवेपर्यंत जी धरून ठेवते ती तिसरीच, कामापुरती. तिच्यात एका वेळी चार-पाच गोष्टी मावल्या तरी खूप. तिच्या विसराळूपणाचं वाईट वाटून घेऊ नये. ती साठवणीसाठी नाहीच.

आता आपला उफराटा न्याय पाहा. जे वर्षानुवर्षं घोटलं जातं ते टिकतं. जे एकदाच घडतं ते दर सांगण्यात थोडं बदलतं, कारण आठवताना मेंदू प्रसंग नव्याने जुळवतो आणि मधली भोकं ऐकीव माहितीने बुजवतो. आपण मात्र पाऊणकीला घोकंपट्टी म्हणून शाळेबाहेर काढलं आणि एकदाच घडलेल्या प्रसंगावर शपथा घेतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं आहे. सगळं पाठांतर निरर्थक, हे मला कधीच पटलं नाही. इतिहासाची उत्तरं पाठ करणं आणि पाढे पाठ करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आज भरतीची वेळ न बघता वाळूत गाडी घालणारे पाहुणे पाहिले की वाटतं, निदान किनाऱ्यावरच्या पोरांना तरी पाऊणकी यावी.

आणि प्रसंग? ते लिहायलाच हवेत. याचा धडा किहीममध्येच घालून दिलेला आहे. 1930 मध्ये पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली नोकरी नसताना इथे येऊन राहिले. जवळच्या झाडांवर सुगरणींची घरटी होती. नर काही घरटी अर्धवट सोडतो, ती मौजेखातर बांधलेली असतात, अशी जुनी समजूत होती. सलीम अलींनी घरट्याघरट्याची दररोजची नोंद ठेवली, तेव्हा उलगडा झाला : अर्धं घरटं झालं की माद्या पाहायला येतात, मादीला पसंत पडलं तर नर ते पुरं करतो आणि मग दुसरीसाठी नवीन सुरू करतो, नापसंत घरटी तशीच लोंबत राहतात. सुगरणी तर गावाने पिढ्यान् पिढ्या पाहिल्या होत्या. नुसतं आठवून हे कुणाला कळलं असतं? कोणतं घरटं, कोणता दिवस, हे कागदावर होतं म्हणून कळलं.

2002 च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही करायची आहे. चांगली गोष्ट आहे, पण अशी वही एकदा भरून कपाटात ठेवायची नसते. तिच्या जोडीला गावाची साधी रोजची वही हवी : उधाणाचं पाणी कुठल्या खुणेपर्यंत आलं, वारा कधी फिरला, सुगरणींनी यंदा कुठल्या माडावर घरटी धरली, कोणत्या विहिरीचं पाणी मचूळ लागलं. लिहायचं ते त्याच दिवशी, तारीख-तिथीसकट, लिहिणाऱ्याच्या नावासह. वादळानंतर पंचनाम्याला माणसं येतात तेव्हाही तिचा उपयोग होईल. नुकसान किती ते तोंडी सांगत बसायला नको.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय कुणीतरी मांडा. दोनशे पानी वही मी आणून देते, पहिला महिना लिहिणंही माझ्याकडे लागलं.