कोणाचा पाट कुठे?

लग्नघरातले सर्वांत अवघड काम स्वयंपाकाचे नव्हे, पंगत बसविण्याचे. जिलबी थोडी कमी पडली तरी लोक निभावून नेतात; पण एखाद्या आतोबांचा पाट चुकून दाराशी मांडला गेला, की दोन घरांचे बोलणे पुढे दहा वर्षे बंद! खेळाडूंच्या मोठेपणाची पंगत मांडू पाहणाऱ्यावर हाच प्रसंग येतो. त्यातून पंगतीत एखादा कोवळा मुलगा येऊन उभा राहिला, तर यजमानाची फारच तारांबळ उडते.

अशी तारांबळ सध्या स्लोवाकियात उडालेली आहे. हॉकी म्हटली की आपल्याला ध्यानचंद आठवतात. तिकडची हॉकी बर्फावरची. देशाची वस्ती सुमारे 54 लाख, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. पण या चिमुकल्या देशाने अमेरिका-कॅनडाच्या नॅशनल हॉकी लीगला असे काही खेळाडू दिले, की पंगत भरगच्च झाली. तिथे आता युराय स्लाफ्कोव्स्की या तरुणाचा पाट कुठे मांडावयाचा, हा वाद आहे.

आधी वडीलधारी मंडळी पाहू. स्टॅन मिकिटा 1940 साली सोकोल्चे नावाच्या खेड्यात जन्मला, तेव्हा त्याचे आडनाव गुओट होते. आठव्या वर्षी तो काका-काकूंबरोबर कॅनडात गेला आणि त्यांचेच नाव त्याने लावले. पुढे ते खेडे धरणाच्या पाण्याखाली गेले. शिकागोकडून त्याने 541 गोल केले. सर्वाधिक गुण, सर्वोत्तम खेळाडू आणि सभ्य खेळ ही तिन्ही पारितोषिके एकाच हंगामात पटकावणारा तो पहिला, आणि हे त्याने 1967 व 1968 असे लागोपाठ दोनदा केले.

पेटर श्त्यास्नी 1980 साली कम्युनिस्ट राजवटीतून भावासह निसटून क्वेबेकला पोहोचला. गोल आणि गोलाला केलेले साहाय्य मिळून तिकडे ‘गुण’ मोजतात. 977 सामन्यांत त्याचे 1239 गुण झाले. पण मला अधिक मोलाची वाटते ती 1994 सालची गोष्ट. स्लोवाकिया स्वतंत्र होऊन एकच वर्ष झाले होते. लिलेहामरच्या ऑलिंपिकमध्ये त्या नव्या देशाचा झेंडा धरून पुढे चालला तो हाच श्त्यास्नी, वयाच्या अडतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर.

त्यांच्या मागोमाग मारियान होसा: 525 गोल, तीन स्टॅन्ले चषक. मग सव्वासहा फुटांहून कितीतरी उंच असा झ्देनो हारा, ज्याने बचावपटू म्हणून विक्रमी 1680 सामने खेळून काढले. शिवाय गाबोरिक, बोन्द्रा, शातान आणि 2011 च्या विमान अपघातात गेलेला डेमित्रा.

आता हा मुलगा. 2004 साली कोशित्से शहरात जन्मलेला. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सतराव्या वर्षी त्याने 7 गोल केले, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि स्वीडनला 4-0 असे हरवून स्लोवाकियाने कांस्यपदक घेतले. स्वतंत्र स्लोवाकियाचे हॉकीतले हे पहिलेच ऑलिंपिक पदक! त्याच वर्षी लीगच्या निवडीत माँट्रियलने त्याला सर्वांत आधी उचलले. असा मान पूर्वी कोणाही स्लोवाकाला मिळाला नव्हता.

झाले! लोकांनी त्याला लगेच होसाशेजारी नेऊन बसविले. पहिल्या हंगामात दुखापतीमुळे 39 सामने आणि अवघे 4 गोल झाले, तेव्हा त्याच लोकांनी त्याला पंगतीतून उठविले. पुढच्या दोन हंगामांत 20 आणि 18 गोल झाल्यावर पुन्हा ‘या, बसा’! पहिल्या तीन हंगामांची बेरीज 200 सामने, 42 गोल, 111 गुण. गाबोरिकचे पहिल्या तीन हंगामांतले गोल मात्र 78 होते. तेव्हा आकड्यांच्या वहीत हा मुलगा अजून बराच खाली आहे, हे कबूल केले पाहिजे.

पण आकड्यांच्या वहीत न मावणारी एक नोंद आहे. 2010 साली व्हँकूव्हरला होसा, हारा, गाबोरिक, शातान, डेमित्रा असे सारे दिग्गज एकाच संघात होते. कांस्यपदकाच्या सामन्यात ते 3-1 असे पुढे होते; तरी फिनलंडने 5-3 असा सामना जिंकला. दिग्गजांना जे साधले नाही, ते एका सतरा वर्षांच्या पोराच्या संघाला साधले. यावर जाणकार म्हणतील, बीजिंगला लीगचे खेळाडू आलेच नव्हते. खरे आहे. पण समोर जो प्रतिस्पर्धी उभा असतो त्यालाच हरवावे लागते. न आलेल्याला कोण हरविणार?

मी यजमान असतो तर पहिला पाट श्त्यास्नीला दिला असता. आकड्यांनी मिकिटा थोर. पण घर सोडावे लागूनही घराला नाव मिळताच त्याचा झेंडा धरावयास परतणारा मला अधिक जवळचा वाटतो. मग मिकिटा. मग होसा आणि हारा शेजारी शेजारी. आणि स्लाफ्कोव्स्की? त्याला शेवटच्या पाटावर बसवावे. मात्र त्याच्या पानात अशी एक वाटी ठेवावी, जी व्हँकूव्हरच्या एकाही दिग्गजाच्या पानात नाही.

एवढे झाल्यावर त्याला सुखाने जेवू द्यावे. हल्ली आपण मुलांच्या बाबतीत फार उतावीळ झालो आहोत. दहावीचा निकाल लागला की जन्माची इयत्ता ठरवून मोकळे होतो. वर चढविण्याची घाई, आणि खाली ओढण्याचीही तितकीच घाई. श्त्यास्नी लीगमध्ये आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. या मुलाने त्या वयाला पोहोचण्याआधीच त्याचे दोनदा कौतुक आणि एकदा विसर्जन झालेले आहे. पंगत पुष्कळ वेळ चालावयाची आहे. पाट पुढे सरकवावयाचा तर तो त्यालाच सरकवू द्या.