पास मिळाला, गाडी कुठे?

एसटीची गाडी बंद पडली की मुंबई-पुण्याची फेरी सहसा रद्द होत नाही. रद्द होते ती गावातली, शाळेची. सिंधुदुर्गातल्या मसुरे, आचरा, पोईप, कट्टा या पट्ट्यातल्या पालकांना हे सांगायला नको. रात्री वस्तीला आलेली गाडी सकाळी मुलांना घेऊन निघाली नाही, तर सहाआसनी रिक्षा शोधायची, कोणाच्या तरी दुचाकीवर बसायचे, नाहीतर घरी राहायचे. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. ते यश मिळवणारी मुले शाळेत पोचतात ती याच गाड्यांनी.

राज्य सरकार विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन तृतीयांश सवलत देते, अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंतच्या मुलींचा प्रवास मोफत आहे आणि या सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देते. निर्णय चांगलेच आहेत. पण हे पैसे तिकिटाचे. त्यातून नवी गाडी येत नाही. पासधारक मुलांनी खच्चून भरलेली फेरीही उत्पन्नाच्या हिशेबात तळाला राहते आणि तिच्या वाट्याला आगारातली सर्वांत जुनी गाडी येते. केंद्राच्या नियमानुसार 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या गाड्या रस्त्यावर धावू शकत नाहीत. जिथे खारा वारा पत्रा खातो, त्या आमच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षे हीच फार मोठी मुदत आहे.

सरकारने गाडीच घेऊन द्यायची, ही कल्पना नवी नाही. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या 125 मागास तालुक्यांसाठी सरकारने पैसे दिले आणि मुलींसाठी निळ्या गाड्या एसटीनेच चालवल्या. बांद्यापलीकडे गोव्यात ‘बालरथ’ योजनेतून अनुदानित शाळांना बस मिळाली, तिच्या खर्चासाठी वार्षिक अनुदानही. त्यातल्या पहिल्या गाड्या आता दशकाहून जुन्या आहेत. म्हणून गाडी देतानाच ती बदलण्याची तरतूद हवी. अमेरिकेने 2021 च्या कायद्यात जुन्या शाळाबस बदलण्यासाठीच पाच वर्षांत पाच अब्ज डॉलर राखून ठेवले.

सिंधुदुर्गाला अशा तरतुदीची निकड अधिक आहे. 2001 ते 2011 या काळात जिल्ह्याची लोकसंख्या घटून साडेआठ लाखांच्या आत आली. वाड्यावाड्यांतल्या शाळांचा पट उतरला. मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे ठरवण्याच्या, निर्णयाने कमी पटाच्या वर्गांचे शिक्षकच धोक्यात आले. गावातला वर्ग बंद झाला की मूल लांबच्या शाळेत जाणार. सरकार प्रवासभत्ता देईलही, पण ज्या रस्त्यावर वाहनच येत नाही तिथे त्या भत्त्याचे मुलाने काय करायचे?

महामंडळात नव्या लालपऱ्या येत आहेत. त्यांतल्या किती शाळेच्या फेऱ्यांना मिळणार, हे विभाग नियंत्रकांनी आगारवार जाहीर करावे. राज्याने अर्थसंकल्पात शाळेच्या फेऱ्यांच्या गाड्या बदलण्यासाठी स्वतंत्र शीर्ष उघडावे आणि अरुंद घाटरस्त्यांसाठी त्यातूनच मिनीबस घ्याव्यात. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीने मुख्याध्यापकांकडून रद्द फेऱ्यांची नोंद मागवून प्रस्ताव आताच पाठवावा. जूनमध्ये शाळा उघडतात आणि पाऊसही त्याच सुमारास येतो; त्याआधी गाड्या आगारात उभ्या असल्या पाहिजेत.